जुन्या खाद्यजाहिरातींविषयी वाचक विचारतात

गेल्या अंकात आम्ही जुन्या मासिकांतील खाण्यापिण्याच्या जाहिरातींची चार पाने पुन्हा छापली होती आणि त्यांविषयी काही विचारायचे असल्यास वाचकांनी कळवावे, असे आवाहन केले होते. पत्रे इतकी आली की सर्वांना स्वतंत्र उत्तर देणे शक्य नाही. त्यामुळे सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांच्या नावांऐवजी फक्त त्यांचे ठिकाण दिले आहे.

प्रश्न : आईच्या ट्रंकेत १९५० च्या दशकातील काही दिवाळी अंक मिळाले. त्यांत डालड्याच्या जाहिराती वारंवार दिसतात. आमच्या घरी मात्र डालडा ही पाहुण्यांच्या नजरेस पडू नये अशा बेताने ठेवण्याची वस्तू होती. मग इतक्या थाटाच्या जाहिरातीचे प्रयोजन काय होते? सोबत एका पानाचे छायाचित्र पाठवीत आहे. (दादर)

उत्तर : पाहुण्यांपासून दडवून ठेवावी अशी ती वस्तू होती, म्हणूनच तिला एवढा थाट लागला. वनस्पती तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करायचे आणि तुपाच्या जागी वापरायला द्यायचे, हा उद्योग हिंदुस्थानात १९३० च्या दशकात उभा राहिला. लिव्हर समूहाच्या हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा कारखाना आपल्या शिवडीला होता आणि १९३७ साली या कंपनीने डालडा बाजारात आणले. माल तयार होता, किंमत तुपापेक्षा कमी होती. अडचण होती ती गिऱ्हाइकाच्या मनाची. तूप हे आपल्याकडे नुसते तळणाचे साधन कधीच नव्हते. ते निरांजनात लागते, नैवेद्यावर लागते, पहिल्या वरणभातावर लागते, आणि या तिन्ही ठिकाणी डालड्याला प्रवेश मिळणार नाही, हे जाहिरात लिहिणाऱ्यांनी फार लवकर ओळखले असावे.

१९३९ साली लिंटास या जाहिरात संस्थेने डालड्यासाठी जी मोहीम आखली, ती आजही अभ्यासण्यासारखी आहे. चित्रपटगृहांत दाखवायला लघुपट केला. डालड्याच्या डब्याच्या आकाराची गोल मोटारगाडी रस्त्यांवरून फिरवली. ज्यांना वाचता येत होते त्यांच्यासाठी पत्रके काढली, आणि ज्यांना येत नव्हते त्यांच्यासमोर पदार्थ तळून त्यांच्या हातावर ठेवले. चव आणि वास यांविषयीची शंका शब्दांनी फिटत नाही, ती गरम पुरीनेच फिटते, हा त्यामागचा हिशेब होता. पुढे पाककृतींची पुस्तके आली आणि स्वयंपाकाविषयीच्या शंकांना पत्राने उत्तरे देणारी सल्लासेवाही मुंबईतून चालवली गेली.

आपण पाठवलेल्या पानाकडे या दृष्टीने पाहावे. त्यात ताट आहे, ताटात पुऱ्या आणि करंज्या आहेत, काठापदराची साडी नेसलेली आई आहे, आणि बाजूला ताडाच्या झाडाचे चित्र असलेला डबा आहे. वरणभात नाही, देवघर नाही. जेथे तूप आणि डालडा यांची तुलना झाली असती ते सारे पदार्थ चित्रकाराने ताटातून वगळले आहेत. मजकुरात दोन गोष्टींवर भर आहे : डबा हवाबंद असल्याने भेसळ होत नाही, आणि त्यात जीवनसत्त्वे घातलेली आहेत. त्या काळी वाण्याकडच्या सुट्या तुपात काय मिसळले असेल याची धास्ती प्रत्येक घरात होती, आणि या जाहिरातींनी नेमके तिलाच हात घातला. गंमत अशी की, खुद्द तुपातील भेसळीसाठी सर्रास वापरला जाणारा पदार्थ म्हणजे वनस्पती, अर्थात डालड्यासारखे घट्ट केलेले तेलच होते. ती भेसळ ओळखता यावी म्हणून प्रत्येक वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचे तेल मिसळण्याची सक्ती सरकारला करावी लागली, कारण तिळाचे तेल साध्या रासायनिक चाचणीत रंग दाखवते. १९५० च्या दशकात वनस्पतीवर बंदी घालावी अशी मागणी संसदेपर्यंत पोहोचली, सरकारने लोकांचे मतही अजमावले. मात्र त्यातून ठाम काही निघाले नाही आणि डबे विकले जात राहिले.

आईच्या पिढीने डालडा वापरला आणि दडवलाही, यात मला विसंगती दिसत नाही. महिन्याचा खर्च बसवायचा आणि घराची इभ्रतही राखायची, अशी दुहेरी कसरत त्या बायका करीत होत्या, आणि जाहिरात त्यांतील पहिल्या गरजेला उघडपणे व दुसरीला आडून उत्तर देत होती. तिने सांगितलेल्या आरोग्याचे पुढे काय झाले, ते आपण जाणतोच : वनस्पतीतील ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना तयार होणारा चरबीचा प्रकार) हृदयाला अपायकारक ठरले आणि जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपांतील त्याच्या प्रमाणावर दोन टक्क्यांची मर्यादा आली.

प्रश्न : पार्ले-जीच्या पुड्यावरची मुलगी खरी कोण? आमच्या सोसायटीत यावरून दोन तट पडले आहेत. (विलेपार्ले)

उत्तर : कोणीही नाही. ते छायाचित्र नसून १९६० च्या दशकात एव्हरेस्ट या जाहिरात संस्थेतील चित्रकार मगनलाल दैय्या यांनी काढलेले चित्र आहे, असे कंपनीनेच स्पष्ट केलेले आहे. निरनिराळ्या स्त्रियांची नावे अधूनमधून फिरत असतात, त्यांकडे दुर्लक्ष करावे. दोन्ही तटांनी चहाबरोबर समेट करण्यास हरकत नसावी.

प्रश्न : चहासारख्या वस्तूची जाहिरात करावी लागत होती, यावर माझ्या नातवाचा विश्वास बसत नाही. जुन्या स्थानकांवर चहा कसा करावा हे सांगणारे इनॅमलचे फलक असत, हे मी त्याला सांगितले, तर तो हसला. यामागची हकिगत कृपया द्यावी. (लालबाग)

उत्तर : नातवाचे हसणे स्वाभाविक आहे, कारण चहा आपल्याकडे अनादिकाळापासून आहे असा समज करून देण्यात त्या जाहिराती पूर्ण यशस्वी झाल्या. वस्तुतः हिंदुस्थानात पिकणारा चहा बहुतांशी परदेशी जात असे आणि येथील सामान्य माणूस तो पीत नसे. मळेवाल्यांच्या मागणीवरूनच १९०३ साली चहाच्या निर्यातीवर उपकर बसवण्यात आला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. १९३० च्या दशकातील जागतिक मंदीत चहाचे भाव कोसळले, निर्यातीवर आंतरराष्ट्रीय कराराने बंधने आली, तेव्हा शिल्लक माल देशातच खपवल्यावाचून गत्यंतर राहिले नाही. मग प्रचाराला खरा जोर चढला. प्रचारक घरोघरी जाऊन चहा करून दाखवीत, कारखान्यांत आणि गिरण्यांत चहाची दुकाने व चहाची सुट्टी सुरू व्हावी म्हणून प्रयत्न होत, आणि रेल्वे स्थानकांवर प्रादेशिक भाषांतले फलक लागत.

या फलकांवर चहाची कृती प्रयोगशाळेच्या शिस्तीने दिलेली असे : ताजे पाणी घ्या, ते चांगले उकळू द्या, किटली आधी गरम करून घ्या, माणशी एक चमचा पत्ती टाका, पाच मिनिटे मुरू द्या, दूध आणि साखर नंतर घाला. स्थानकांवरच्या चहावाल्यांनी हा सगळा उपदेश ऐकून घेतला आणि पत्ती, दूध, साखर, आले सारे एकाच पातेल्यात उकळायला सुरुवात केली. दूध-साखर भरपूर घातली म्हणजे पत्ती कमी लागते, हे प्रचारकांना मुळीच पसंत नव्हते. त्यांना कप खपवायचे नव्हते, पत्ती खपवायची होती. आज मुंबईत टपरीवर जो कटिंग मिळतो, तो त्या फलकांचा विजयही आहे आणि त्यांची सपशेल अवज्ञाही आहे. या विषयातला हाच भाग मला सर्वांत लोभसवाणा वाटतो. जाहिरातीने लोकांना चहा प्यायला लावले, पण तो कसा प्यावा, हे लोकांनी तिला विचारले नाही.

आणखी एक प्रसंग नातवाला सांगण्याजोगा आहे. चहा हे मळेवाल्या साहेबांचे पेय म्हणून राष्ट्रीय चळवळीतील अनेकांचा त्याला विरोध होता आणि गांधीजींनीही आरोग्यविषयक लेखनात चहाला अपायकारक ठरवले होते. असे असताना १९४७ साली अन्नदा मुन्शी या चित्रकाराने चहाच्या प्रचारासाठी एक भित्तिचित्र केले. त्यात चरख्यापाशी बसलेली स्त्री आहे, तिच्याजवळ चहाचा कप आहे, आणि चहा शंभर टक्के स्वदेशी असल्याची ग्वाही आहे. चित्र म्हणून ते अतिशय देखणे आहे. चरख्याला चहाच्या प्रचारात जुंपण्याचे धाडस मात्र एखादा जाहिरातवालाच करू जाणे.

प्रश्न : जुन्या जाहिरातींत डॉक्टर, परिचारिका आणि गुटगुटीत बाळे फार दिसतात. माल्टची पेये, बाळांची दूध पावडर, इतकेच काय तर मद्यदेखील औषध म्हणून विकले जाई. हे सर्व खोटे होते का, आणि कायद्याने चालत कसे असे? (मुलुंड आणि ठाणे येथून तीन पत्रे)

उत्तर : सरसकट खोटे म्हणता येणार नाही, बऱ्याचदा खऱ्याच्या लहानशा धाग्याला मोठे लुगडे जोडलेले असे. हॉर्लिक्सचे उदाहरण घ्यावे. जेम्स आणि विल्यम हॉर्लिक या इंग्रज बंधूंनी १८७३ साली शिकागोत व्यवसाय सुरू केला आणि दूध, गहू व माल्ट यांची पावडर तयार केली. ती पचायला हलकी होती, टिकाऊ होती, ध्रुवीय मोहिमांवर नेली जात होती. येथपर्यंत सर्व ठीक. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये मात्र तिच्या जाहिरातींनी एक नवीनच आजार शोधून काढला : रात्रीची उपासमार. झोपेत शरीर उपाशी राहते, म्हणून माणूस सकाळी थकलेला उठतो, म्हणून कचेरीत त्याची बढती हुकते आणि घरी बायको रुसते. यावर उपाय म्हणजे निजण्यापूर्वी एक कप. ही कथा चित्रमालिकेच्या रूपात आठवड्यामागून आठवडे छापली जाई. वैद्यकशास्त्रात असा आजार नव्हता, तरी तो झालेली माणसे भरपूर निघाली.

परदेशांत याहून विचित्र नमुने आहेत. मारिआनी वाइन या फ्रेंच मद्यात कोकाच्या, म्हणजे ज्यांपासून कोकेन काढतात त्या, पानांचा अर्क असे आणि तिच्या जाहिरातीवर तेरावे पोप लिओ यांचे चित्र झळकत असे. त्यांनी त्या मद्याला सुवर्णपदक दिले होते. बोव्हरिल या गोमांसाच्या अर्काने तर पोप आणि बोव्हरिल या जगातील कधीही न चुकणाऱ्या दोन शक्ती आहेत, अशी जाहिरात करून पोपच्या परवानगीचाही प्रश्न ठेवला नाही. आयर्लंडच्या गिनेस बिअरने १९२९ साली जाहिरातीला आरंभ केला, तो ही बिअर प्रकृतीला चांगली असते या घोषणेने. सेव्हन अप हे पेय १९२९ साली निघाले तेव्हा त्यात लिथियम सायट्रेट होते, जे १९४८ पर्यंत राहिले. लिथियमची संयुगे पुढे मनोविकारांवर औषध म्हणून वापरात आली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पेयाने मन प्रसन्न होते हा दावा अगदीच हवेतला नव्हता, असे म्हणावे लागते. याच पेयाच्या १९५० च्या दशकातील एका अमेरिकी जाहिरातीत अकरा महिन्यांचे बाळ बाटली तोंडाला लावून बसलेले आहे आणि आमची गिऱ्हाइके सर्वांत कोवळी, असा कंपनीला अभिमान आहे. ते पान आज पाहणाऱ्याला दरदरून घाम फुटतो. छापले गेले तेव्हा कोणाला काही वावगे वाटले असेल, असे दिसत नाही.

आपल्याकडे या प्रकाराचा सर्वांत खोल ठसा उमटवला तो बाळांच्या दूध पावडरीने. ग्लॅक्सोच्या जाहिरातींतील गुबगुबीत, हसरे, गालांवर वळ्या पडलेले बाळ इतके घरोघरी पोहोचले की, मुंबईत कोणाच्याही अंगाने भरलेल्या लेकराला ग्लॅक्सो बेबी म्हणण्याची पद्धत पडली. जाहिरात आईच्या दुधाला नावे ठेवीत नव्हती. ती फक्त शेजारणीचे बाळ दाखवीत होती आणि उरलेले काम चाळीतल्या बायकांच्या तोंडून होत होते. आपले मूल किडकिडीत आहे, या एका धास्तीवर किती डबे खपले असतील, याची कल्पनाच करावी. जाहिरातीतील डॉक्टर मला तितका त्रास देत नाही; त्याचा पांढरा कोट नाटकी आहे हे उघड दिसते. ते बाळ मात्र खरोखरच गोड असे, म्हणून ते अधिक धोक्याचे.

कायद्याविषयी थोडक्यात. चमत्कारिक औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ चा, अन्नभेसळ प्रतिबंधाचा कायदाही त्याच वर्षीचा. पण पेयाने बुद्धी वाढते किंवा मूल तरतरीत होते, असल्या मोघम दाव्यांना ते फारसे बाधत नसत. जाहिरात व्यवसायाने स्वतःवर नियमन घालून घेण्यासाठी ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ही संस्था मुंबईत १९८५ साली स्थापन केली. बाळांच्या दूध पावडरीच्या जाहिरातीवर १९९२ च्या कायद्याने पूर्ण बंदी आली आणि डब्यावर बाळाचे चित्र छापण्यासही मनाई झाली, म्हणजे ज्या चित्राने धंदा उभा केला तेच प्रथम गेले. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माल्टच्या पेयांना हेल्थ ड्रिंक म्हणून विकू नये, अशी सूचना ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना केंद्र सरकारने दिली, ती अगदी अलीकडे, एप्रिल २०२४ मध्ये. ज्या शब्दांवर आपल्या तीन पिढ्या वाढल्या, ते शब्द जाण्यास इतका काळ लागला.

प्रश्न : जुन्या रंगीत जाहिरातींतील अन्न इतके किळसवाणे का दिसते? मुद्दाम तर तसे करीत नसतील. (बोरिवली)

उत्तर : दोन कारणे आहेत. पहिले छपाईचे. रंगीत छायाचित्र चार रंगांच्या चार ठशांतून कागदावर उतरते आणि एखादा ठसा केसभर सरकला, किंवा कागद खरबरीत असला, की सर्वांत आधी तपकिरी छटा बिघडतात. मांस, आमटी, भाजलेला पाव हे सारे तपकिरीच. त्यात शाई जुनी होऊन उडाली की हिरवट-पिवळी झाक येते, म्हणजे आपण पाहतो ते पान मूळ गिऱ्हाइकाने पाहिलेले पानच नसते. दुसरे कारण स्टुडिओतले. प्रखर दिव्यांखाली आइस्क्रीम क्षणभरही टिकत नाही, म्हणून त्या जागी उकडलेल्या बटाट्याचा गोळा, आणि दवबिंदूंच्या जागी ग्लिसरीन. अमेरिकेत कॅम्पबेल सूपच्या जाहिरातीसाठी वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या, म्हणजे भाजीचे तुकडे बुडून न जाता वर दिसावेत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथील सरकारी आयोगाने त्यावर आक्षेप घेतला आणि ते प्रकरण गाजले.

काही पदार्थ अर्थात मुळातच तसे होते. लिंबाच्या हिरव्या जेलीत मासे किंवा कोबी गोठवून केलेले अमेरिकी सॅलड पाहून मराठी माणसाच्या पोटात कालवाकालव होते, ती छपाईची चूक नव्हे. मात्र त्या काळात घरी फ्रिज असणे हीच ऐट होती आणि जेली फ्रिजशिवाय घट्ट होत नाही, हे ध्यानात घेतले की त्या थरथरत्या हिरव्या डोंगरामागची गृहिणीची ऐट कळते.

रंगांच्या बाबतीत आपल्या शहराचा वाटा मोठा आहे, तो जाता जाता नोंदवतो. दिल्लीच्या हमदर्दने रूह अफ्जा सरबताचे लेबल १९१० च्या सुमारास तयार करून घेतले, तेव्हा इतक्या रंगांचे काम दिल्लीत होत नसल्याने ते मुंबईतील पारशी मालकांच्या छापखान्यात छापावे लागले. रविवर्मांनीही आपला शिळाछाप छापखाना प्रथम मुंबईतच काढला होता. देवादिकांच्या चित्रांचे कॅलेंडर आणि त्याखाली साबणाचे किंवा बाळाच्या औषधाचे नाव, ही प्रथा अशाच कारखानदारीतून फोफावली.

प्रश्न : अमूलच्या फलकांवरची मुलगी आली, त्याआधी मुंबईत पोल्सनचे लोणी खपत असे. पोल्सन हरले ते जाहिरातीमुळे की चवीमुळे? (गिरगाव)

उत्तर : चवीमुळे म्हणावे तर उलटेच घडले होते. पोल्सनच्या लोण्याला साठवलेल्या, आंबलेल्या सायीमुळे एक उग्र चव असे, त्यात मीठही भरपूर असे, आणि मुंबईकरांना लोणी म्हणजे तेच, अशी सवय जडली होती. आणंदच्या सहकारी संघाने, म्हणजेच अमूलने, ताज्या सायीचे लोणी आणले तेव्हा ते गिऱ्हाइकांना मिळमिळीत आणि पांढरेफटक वाटले, आणि अखेर त्यांनाही मीठ व रंग घालावा लागला. चांगल्या मालाला वाईट सवयीपुढे नमते घ्यावे लागते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

जाहिरात आली ती नंतर. सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि चित्रकार यूस्टेस फर्नांडिस यांनी १९६६ साली ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी आणली. मुंबईतील विजेच्या खांबांवर आणि बसगाड्यांवर ती प्रथम दिसली, आणि सुरुवातीच्या विषयांत घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम होता, म्हणजे विषयही शहराच्या चर्चेतलाच निवडलेला होता. त्यात लोण्याचे गुण सांगण्याची खटपट नव्हती, डॉक्टर नव्हता, जीवनसत्त्व नव्हते. गावात कशावर बोलले जात आहे, ते ती मुलगी बोलत असे, आणि वाचणाऱ्याला आपण शहाणे आहोत असे वाटत असे. भीती घालून विकणाऱ्या जाहिरातींच्या काळात असे चेष्टेखोर फलक उभे राहणे ही मोठी सुटका होती. त्यांतील सर्वच कोट्या चांगल्या असतात असे मात्र मी म्हणणार नाही.

प्रश्न : चोरबाजारात बिस्किटांच्या जाहिरातीचा इनॅमलचा फलक पाहिला. विक्रेता जुना म्हणतो आणि किंमतही तशीच सांगतो. अस्सल कसा ओळखावा? तसेच घरातील जुनी कात्रणे पावसाळ्यात खराब होतात, त्यांचे काय करावे? (भायखळा)

उत्तर : फलकावर आधी बोट फिरवावे, डोळे नंतर लावावेत. इनॅमल म्हणजे लोखंडी पत्र्यावर काचेची पूड सुमारे ८०० अंश सेल्सियसला वितळवून बसवलेला थर. जुन्या पद्धतीत प्रत्येक रंग वेगळा भाजत, त्यामुळे अक्षराची कड बोटाला किंचित उंच लागते. पृष्ठभाग सपाट लागला आणि भिंगातून छपाईचे ठिपके दिसले, तर तो अलीकडचा छापील पत्रा समजावा. टवके कोठे उडाले आहेत ते पाहावे : खऱ्या फलकाचे टवके खिळ्यांच्या छिद्रांभोवती आणि कोपऱ्यांवर उडतात, कारण ताण तेथेच येतो, आणि त्यांखालचा गंज काळपट व घट्ट असतो. नकलेत टवके शोभेसाठी मध्यभागी पाडलेले असतात आणि गंज नारिंगी, बोटाला लागणारा असतो. चोरबाजारातील मटण स्ट्रीटवरचे जाणते दुकानदार विचारल्यास नक्कल आहे हे सांगतातही. विचारण्याचा संकोच करू नये. नक्कल आवडली तर नकलेच्या भावाने घ्यावी, त्यात कमीपणा नाही. खरा फलक घरी आणल्यावर तारेच्या काथ्याने घासू नये. सौम्य साबणाचे पाणी, मऊ फडके आणि लगेच कोरडे पुसणे पुरेसे आहे.

कात्रणांच्या बाबतीत मुख्य शत्रू खुद्द कागद आहे. स्वस्त कागदातील लाकडाचा अंश आम्ल तयार करतो आणि कागद पिवळा व ठिसूळ होतो. मुंबईची दमट हवा त्या क्रियेला मदत करते. लॅमिनेशन कदापि करू नये, कारण ते पुन्हा काढता येत नाही आणि आम्ल आतच कोंडले जाते. चिकटपट्टीही लावू नये. आम्लरहित कागदात किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात पाने आडवी ठेवावीत, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि त्या पावसाळ्यात वरचेवर बदलाव्यात. लोखंडी ट्रंक बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. आणि स्कॅन आजच करून घ्यावे; संपूर्ण पानाचे करावे, नुसत्या जाहिरातीचे नव्हे, कारण शेजारच्या मजकुरावरूनच पुष्कळदा वर्ष ठरवता येते.

प्रश्न : मुंबईतील जुन्या नियतकालिकांत व्हिस्की आणि बिअरच्या जाहिराती असतात आणि मग त्या एकदम दिसेनाशा होतात. अंकावर तारीख नसेल तर यावरून काळ ठरवता येईल का? (शिवाजी पार्क)

उत्तर : स्थूलमानाने येईल. मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा १९४९ चा आणि संपूर्ण दारूबंदी १९५० च्या एप्रिलपासून, तेव्हा मुंबईत छापलेल्या अंकात मद्याची राजरोस जाहिरात असेल तर अंक बहुधा त्याआधीचा. मात्र एक काळजी घ्यावी. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातील मद्याची नुसती प्रशंसा करण्यावरची बंदी घटनाबाह्य ठरवली, आणि मद्यार्कयुक्त औषधी व प्रसाधने यांवरील निर्बंधही उठवले. मद्य खरेदीचे आवाहन करणाऱ्या जाहिरातीवरची बंदी तशीच राहिली. त्यामुळे शक्तिवर्धक टॉनिकची जाहिरात १९५० नंतरच्या अंकातही मिळेल आणि तिच्यावरून काही ठरवू नये. मद्याच्या जाहिरातबंदीतून पळवाट म्हणून मद्याच्याच ब्रँडच्या नावाने सोडा किंवा पत्ते विकणारी जाहिरात दिसली, तर अंक निश्चितच पुष्कळ नंतरचा आहे.